लॉटी मूनचा नाताळ: चीनमध्ये एकटी पडलेली मिशनरी आणि तिनं मागितलेली माणसं

परदेशात मिशनरी म्हणून राहिलेल्या लोकांच्या नाताळच्या गोष्टी साधारण एकाच साच्यातल्या असतात, म्हणजे घरची आठवण, मिळेल त्या झाडाला लावलेल्या चांदण्या, शेजाऱ्यांना वाटलेला केक आणि रात्री डोळ्यांत पाणी. त्यात खोटं काही नाही, पण वाचून झालं की हाती फार लागत नाही. म्हणून मी इथे एक वेगळं प्रकरण घेतलंय, ज्यात मिशनरी बाईनं नाताळ साजरा कसा केला यापेक्षा नाताळच्या तारखेचा वापर कसा केला हे जास्त इंटरेस्टिंग आहे, आणि पुढे त्या वापराचं काय झालं ते तर त्याहून.

बाईंचं नाव शार्लट मून, पण सगळे लॉटी मूनच म्हणतात. जन्म १२ डिसेंबर १८४० चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, चांगल्या खात्यापित्या घरात. शिक्षण जबरदस्त, १८६१ मध्ये मास्टर्स डिग्री, आणि अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा बाईनं एवढं शिकणं म्हणजे बोटावर मोजण्यासारखी गोष्ट. मोठी बहीण डॉक्टर. धाकटी बहीण एडमोनिया आधी मिशनरी म्हणून चीनला गेली, १८७२ मध्ये, आणि तिच्या मागोमाग १८७३ मध्ये लॉटी. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या चर्चची संघटना, तिच्या फॉरेन मिशन बोर्डानं पाठवलं, या बोर्डाचं ऑफिस रिचमंडला. मुक्काम शांडोंग प्रांतातल्या तेंगचौ गावी, आजचं पेंगलाय. उंची जेमतेम सव्वाचार फूट, हे मुद्दाम सांगतोय कारण त्यांच्यावर लिहिणारा प्रत्येक जण हे सांगतोच, जणू काही काम उंचीवर अवलंबून असतं.

एडमोनियाला तिथलं आयुष्य झेपलं नाही. तब्येत आणि मन दोन्ही ढासळलं, आणि १८७६ मध्ये लॉटीच तिला घेऊन घरी गेल्या, पुढच्या वर्षी स्वतः एकट्या परत आल्या. इथून खरं प्रकरण सुरू होतं.

१८८५ मध्ये मूनबाई तेंगचौ सोडून पिंगडूला गेल्या, आतल्या भागात, खेचरांच्या डोलीतून कित्येक दिवसांचा प्रवास. तिथे दुसरा परदेशी माणूस नाही, म्हणजे आपल्या भाषेत बोलायला कुणी नाही, आजारी पडलं तर कुणी नाही, आणि रविवारी इंग्रजी प्रार्थनेला सोबत नाही. घर भाड्याचं, झोपायला तिकडच्या सारखाच खांग, म्हणजे खालून चुलीची ऊब जाणारा विटांचा ओटा. अंगात चिनी कपडे, थंडीत कापूस भरलेला जाड कोट. सुरुवातीला असे कपडे घालायला त्या फारशा तयार नव्हत्या, नंतर लक्षात आलं की त्यानं थंडीही भागते आणि लोकांची भीतीही थोडी कमी होते.

आता अशा गावात डिसेंबर कसा असेल याचा विचार करा. २५ तारीख म्हणजे कुणालाच काही नाही, कारण कॅलेंडरच वेगळं, चांद्र महिने. त्याच दिवसांत तिकडे दोंगझी येतो, वर्षातली सगळ्यात मोठी रात्र, साधारण २१-२२ डिसेंबर, उत्तर चीनमध्ये घरोघरी जियाओझ खातात, उकडीच्या मोदकाची तिखट-मिठाची चुलत बहीण म्हणा हवं तर. आणि खरा सण म्हणजे नवीन वर्ष, ते जानेवारी-फेब्रुवारीत, तेव्हा सगळं बंद, माणसं गावी. म्हणजे नाताळ हा पिंगडूत सण नव्हताच, तो मूनबाईंच्या डोक्यात असलेला एक दिवस होता. आपल्याकडे नाताळ म्हटलं की वसईला, नगरला, गोव्याला सगळा मोहल्ला त्यात असतो, कंदील लागतात, शेजारी फराळाच्या बदल्यात केक घेऊन जातात. तिकडे ते काहीच नाही. सण ही चार माणसांनी करायची गोष्ट आहे, एकट्यानं केला की तो उपास वाटतो.

बिस्किटांची गोष्ट इथलीच. मूनबाई घरी शिकलेले टी-केक भाजायच्या, व्हर्जिनियाकडची साधी गोड बिस्किटं, मैदा, साखर, लोणी, अंडं. पोरांना वास यायचा, पोरं दाराशी, पण हात पुढे कुणी करायचं नाही, कारण घरी सांगून ठेवलेलं की त्या परदेशी भुताच्या हातचं खाल्लंस तर विष बाधेल. मग एखादं धीट पोरगं खायचं, दुसऱ्या दिवशी जिवंत दिसायचं, मग बाकीची यायची, आणि पोरांच्या मागून आया. हे सगळं ऐकायला फार गोड आहे आणि त्यामुळेच या बाईंच्या बाबतीत लोकांना बिस्किटंच लक्षात राहिली. मला स्वतःला त्यापेक्षा त्यांची पत्रं जास्त महत्त्वाची वाटतात, कारण बिस्किटांनी दार उघडलं खरं, पण दारातून आत आलेल्या बायकांना शिकवायला दुसरं माणूस कुठे होतं?

आणि हीच मुख्य अडचण. १८८७ मध्ये जवळच्या शालिंग गावातून माणसं आली, आम्हाला ऐकायचंय, या म्हणून. काम वाढत होतं, हात दोनच. १८७७ पासून बाईंनी एकही मोठी रजा घेतलेली नव्हती. पत्रांतून त्या बोर्डाला पुन्हा पुन्हा सांगत होत्या की मिशनरीला दर दहा वर्षांनी घरी जायची रजा द्या, नाहीतर माणसं अकाली संपतात, काही मरतात, काही वेडी होऊन परततात, आणि शिकलेली, भाषा आलेली माणसं अशी गमावणं हा बोर्डाचाच तोटा आहे. बघा, यात रडगाणं अजिबात नाही, सरळ हिशेब आहे. पण त्या निघून गेल्या तर पिंगडूचं काम कोण बघणार? बदली माणूस आल्याशिवाय रजा नाही, आणि पैसे नाहीत म्हणून माणूस नाही. बोर्डाची तिजोरी कायम रिकामी.

मग नाताळ. १५ सप्टेंबर १८८७ ला मूनबाईंनी एक पत्र लिहिलं, ते बोर्डाच्या फॉरेन मिशन जर्नलमध्ये त्याच वर्षी डिसेंबरच्या अंकात छापून आलं. म्हणणं असं की दक्षिणेतल्या बॅप्टिस्ट बायकांनी संघटना करावी आणि नाताळच्या आधीचा आठवडा प्रार्थनेसाठी आणि परदेशी मिशनच्या वर्गणीसाठी ठेवावा. हाच आठवडा का, हे वेगळं सांगायला हवं का, असा त्यांचा सूर आहे. घरातली माणसं एकमेकांना भेटवस्तू देतात तेव्हाच त्यातला थोडा वाटा बाजूला काढणं सगळ्यात योग्य, ज्याच्याकडे भरपूर आहे त्यानंही आणि ज्याच्याकडे थोडंच आहे त्यानंही.

या आयडियाबद्दल दोन गोष्टी लोक सहसा सांगत नाहीत. पहिली म्हणजे ती त्यांची स्वतःची नव्हती, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. दक्षिणेतल्या मेथडिस्ट बायकांच्या मिशनरी सोसायटीनं नाताळच्या आधीचा आठवडा असाच राखून ठेवलेला होता, मूनबाईंनी त्यांच्या सभेचा अहवाल वाचला आणि आपल्या बायकांना म्हणाल्या की मेथडिस्टांना जमतं तर आपल्याला का नाही. दुसऱ्या पंथाचं उदाहरण देऊन आपल्या लोकांना टोचायचं, हे तंत्र आपल्याकडच्या कुठल्याही मंडळाच्या सेक्रेटरीला नीट माहीत असेल, शेजारच्या आळीची वर्गणी किती झाली ते आधी सांगायचं!

दुसरी गोष्ट टाइमिंगची. सप्टेंबरच्या मध्याला लिहिलेलं पत्र चीनहून निघून, समुद्र ओलांडून रिचमंडला पोचायला आणि छापून यायला डिसेंबर उजाडला. म्हणजे ज्या नाताळबद्दल ते होतं तो नाताळ वाचकांच्या दारात आलेला होता, संघटना नव्हती, पाकिटं नव्हती, काहीच नव्हतं. १८८७ चा नाताळ तसाच गेला. जो माणूस एवढ्या लांब बसलाय त्याचं घराशी बोलणं नेहमी असं दोन-अडीच महिने उशिरानं चालायचं, त्याच्या नाताळच्या शुभेच्छा लिहायच्या दसऱ्याच्या सुमाराला. त्यामुळे तिथल्या मिशनऱ्याला सण आला की आनंद साजरा करायला वेळ नसतो, पुढच्या वर्षीच्या सणाचं नियोजन करायचं असतं, असं मला हे सगळं वाचताना जाणवलं.

पण पत्र वाया गेलं नाही. मे १८८८ मध्ये रिचमंडला बॅप्टिस्ट बायका जमल्या आणि त्यांनी वुमन्स मिशनरी युनियन काढली. गंमत म्हणजे पुरुषांची सभा दुसरीकडे, बायकांची बैठक ब्रॉड स्ट्रीट मेथडिस्ट चर्चच्या तळघरात. म्हणजे कल्पनाही मेथडिस्टांची आणि जागाही त्यांचीच. पुरुष पुढाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हे आवडलेलं नव्हतं, बायका स्वतःचे पैसे स्वतः जमवायला लागल्या तर उद्या सभेत बोलायलाही उठतील ही भीती, आणि खुद्द व्हर्जिनिया, म्हणजे मूनबाईंचं माहेर, त्याच्या बायका पहिल्या झटक्यात सामील झाल्या नाहीत. सेक्रेटरी झाल्या बाल्टिमोरच्या ॲनी आर्मस्ट्राँग, एक पैसाही पगार न घेता. त्यांनी हातानं पत्रं लिहून लिहून गावोगावच्या बायकांच्या मंडळांना नाताळच्या वर्गणीचं कळवलं.

टार्गेट होतं २,००० डॉलर, म्हणजे मूनबाईंच्या मदतीला दोन बायका पाठवता येतील. १८८८ च्या नाताळला जमले ३,३१५ डॉलर. दोनाऐवजी तिघी पाठवता आल्या.

हे पैसे आले कुठून याचा विचार केला की नाताळच का निवडला ते कळतं. यादवी युद्धानंतरची दक्षिण, शेतीवरची कुटुंबं, रोख पैसा नवऱ्याच्या हातात. बाईच्या हातात काय, तर लोणी, कोंबड्या, अंडी. रविवारी घातलेली अंडी मिशनसाठी बाजूला ठेवायची अशी पद्धत तिकडच्या बायकांत होती. आपल्या मिझोराममध्ये बायका रोज भात शिजवताना मूठभर तांदूळ चर्चसाठी काढून ठेवतात, बुहफाय थाम म्हणतात त्याला, तोच प्रकार. वर्षभर असे चिल्लर साठवता येतात, पण ते एका ठिकाणी, एका आठवड्यात, एका पाकिटात यायला काहीतरी निमित्त लागतं. नाताळ हे निमित्त. घरात त्याच आठवड्यात खरेदी चाललेली असते, पाकीट उघडलेलं असतं, मनही थोडं सैल असतं. मूनबाई पिंगडूच्या खांगावर बसून व्हर्जिनियातल्या स्वयंपाकघराचा हिशेब करत होत्या, आणि तो बरोबर निघाला, कारण त्या स्वयंपाकघरातच वाढलेल्या होत्या.

इथे एक आपल्याकडचा धागा आहे, तो सोडवत नाही. ज्या डिसेंबर १८८७ मध्ये हे पत्र छापून आलं त्याच महिन्यात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. पंडिता रमाबाई तेव्हा अमेरिकेत होत्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये गेलेल्या, आणि विधवांच्या शाळेसाठी पैसे उभे करत होत्या. तिथेही मॉडेल तेच, ठिकठिकाणी बायकांची छोटी छोटी रमाबाई सर्कल, वर्षाला लहान रक्कम, दहा वर्षांचा शब्द. त्यातून मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. दोघींची भेट झाली वगैरे असं काही मी म्हणत नाहीये, पंथ वेगळे, उद्देश वेगळे, एक मागत होती धर्मप्रसारासाठी आणि दुसरी शिक्षणासाठी. पण अमेरिकन मध्यमवर्गीय बाईच्या हातातले थोडे पैसे नियमितपणे गोळा केले तर केवढं काम होतं, हे त्या एकाच वर्षात जगाच्या दोन टोकांच्या दोन बायकांना कळलेलं होतं.

बरं, रजा मिळाली का? मिळाली, १८९१ मध्ये. पत्र लिहिलं सप्टेंबर १८८७ ला, वर्गणी झाली डिसेंबर १८८८ ला, नव्या बायका येऊन भाषा शिकून कामाला लागेपर्यंत आणखी वेळ, तोपर्यंत बाई हलल्या नाहीत. म्हणजे मदत मागितल्यापासून घरी जायला चार वर्षं. आजच्या कुठल्याही ऑफिसात चार वर्षं लीव्ह पेंडिंग म्हटलं तर एचआरवाल्याला लोक धारेवर धरतील. नव्या बायकांना त्यांनी गोड गोड काही लिहिलेलं नाही, कष्टाचं, जबाबदारीचं आणि मन मारायचं आयुष्य आहे, हे समजून या, असं स्वच्छ कळवलेलं.

इथे प्रकरण संपलं असतं तर ती एका यशस्वी कल्पनेची गोष्ट झाली असती. पण पुढे पंचवीस वर्षांनी नाताळ पुन्हा आला, आणि तो फार वेगळा.

१८९४ चं चीन-जपान युद्ध, १९०० चं परदेशी आणि ख्रिस्ती लोकांविरुद्धचं बॉक्सर बंड, मग १९११ ची क्रांती, या सगळ्यातून मूनबाई गेल्या. त्याच सुमाराला उत्तर चीनमध्ये प्लेग आणि दुष्काळ. बोर्डावर कर्ज, दुष्काळासाठी पाठवायला पैसे नाहीत. बाईंनी स्वतःची शिल्लक दुष्काळी कामाला दिली. १९१२ मध्ये तब्येत आणि मन दोन्ही बिघडलं, खाणं जवळजवळ सुटलं. सोबतच्या मिशनऱ्यांनी ठरवलं की आता घरी पाठवायचं, नर्स सोबत दिली, मांचुरिया नावाच्या जहाजात बसवलं. जहाज जपानमधल्या कोबे बंदरात उभं असताना २४ डिसेंबर १९१२ ला, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी, त्या वारल्या. वय ७२. जपानमध्येच दहन झालं आणि अस्थी व्हर्जिनियात क्रू नावाच्या गावी पुरल्या.

तारीख बघा. नाताळची वर्गणी सुरू करणारी बाई नाताळच्या आदल्या दिवशी गेली. कुठल्याही चर्चला यापेक्षा जास्त काय हवं? लगेच गोष्ट तयार झाली की बाईंनी आपल्या ताटातलं अन्न भुकेल्या चिनी लोकांना दिलं आणि त्या उपासमारीनं मेल्या. ही गोष्ट पिढ्यानपिढ्या डिसेंबरमध्ये सांगितली गेली, लहान मुलांच्या वर्गात, मोठ्यांच्या सभेत. अलीकडच्या इतिहासकारांनी कागद नीट तपासून तिच्यावर शंका घेतलीये. आजारपण होतं, मन ढासळलेलं होतं, खाणं नाकारणं हा त्या आजाराचाच भाग असणं जास्त शक्य दिसतं, मुद्दाम केलेला त्याग म्हणून ठामपणे सांगावं असं कागदांत नाही. पैसे दिले हे खरं, एकट्या होत्या हे खरं, पण हुतात्म्याची कथा नंतर शिवली गेली.

१९१८ मध्ये ॲनी आर्मस्ट्राँगच्याच सूचनेवरून वर्गणीला लॉटी मूनचं नाव दिलं. आज ती वर्षाला २० कोटी डॉलरच्या आसपास जाते आणि सुरू झाल्यापासूनची बेरीज ५ अब्ज डॉलरच्या वर गेलीये. तेंगचौच्या चर्चमध्ये चिनी ख्रिस्ती लोकांनी त्यांच्या नावाचा दगड उभारला तो वेगळाच, त्यात कुणाच्या वर्गणीचा हिशेब नव्हता.

आता माझं मत. या प्रकरणात दोन लॉटी मून आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध बोलतात. पत्रातली लॉटी म्हणते की माणसं मारू नका, रजा द्या, जोडीदार पाठवा, बायकांना मिशनच्या बैठकीत मताचा हक्क द्या. हे शेवटचं तर १८८५ च्या सुमाराला त्यांनी राजीनाम्याची धमकी देऊन सांगितलेलं. गोष्टीतली लॉटी मात्र काहीच मागत नाही, गप्प राहून देते आणि मरते. वर्गणीसाठी दुसरी जास्त उपयोगाची, हे उघड आहे. उपाशी मेलेल्या बाईचं नाव घेतलं की पाकीट जड होतं, रजेचा अर्ज करणाऱ्या बाईचं नाव घेतलं तर कोण देणार? मला बोर्डाच्या किंवा बायकांच्या हेतूवर शंका घ्यायची नाहीये, बहुतेकांनी मनापासून विश्वास ठेवला असेल. पण पहिल्या नाताळची वर्गणी ज्या कारणासाठी होती, म्हणजे एका जिवंत माणसाला सोबत मिळावी आणि ते थकण्याआधी घरी जाऊन यावं, ते कारण या गोष्टीत कुठे उरलेलं नाही.

धर्मांतराचा प्रश्न कुणीतरी काढेलच, म्हणून सांगतो. मिशनऱ्यांनी चीनमध्ये काय केलं, ते करायचा त्यांना हक्क होता का, परदेशी बंदुकांच्या सावलीत धर्म सांगणं कितपत बरोबर, यावर भरपूर वाद आहेत आणि ते करायलाच हवेत, बॉक्सर बंड काही हवेतून आलं नव्हतं. पण या प्रकरणापुरता माझा विषय वेगळा आहे, संस्था आपल्या लांब पाठवलेल्या माणसाला कसं वागवते हा. त्या अंगानं बघितलं तर मिशन असो, जहाज कंपनी असो की गल्फमधली नोकरी, सणाच्या दिवशी घरी फोन लागतो की नाही यापेक्षा सुट्टी मंजूर करणारं ऑफिस आणि बदली माणसाचं बजेट यावर त्या माणसाचं वर्ष कसं जाणार ते ठरतं, आणि मूनबाईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं.

अजूनही डिसेंबर आला की बॅप्टिस्ट चर्चमध्ये लॉटी मूनच्या टी-केकची रेसिपी फिरते, लोक भाजतात, फोटो टाकतात. रेसिपी सोपी आहे, कुणीही करू शकतं. ज्यांना पुढे वाचायचंय त्यांनी केकबरोबर १८८० च्या दशकातली त्यांची पत्रंही वाचावीत, दहा वर्षांच्या रजेचा मुद्दा त्यात आहे, आणि पिंगडूत बसून रिचमंडच्या ऑफिसला त्या किती सरळ बोलायच्या तेही.